साखरेच्या गोदामातलं कोर्ट

बीड जिल्ह्यात आपण होऊन हिंडायला कुणी जात नाही. मीही गेले नव्हते, मला पाठवलं होतं. देशभरातल्या कॉलेजांच्या मुलींची बास्केटबॉल स्पर्धा त्या हिवाळ्यात सिरसाळ्याजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या कॉलेजात भरायची होती. आधी जाऊन मैदान तपासायचं, पास की नापास ते सांगायचं आणि मग तिथंच पंच म्हणून थांबायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी देवगडची, शाळेत पी.टी. शिकवते आणि सुट्ट्यांत पंचगिरी करते. "तुम्ही काय, काटक आहात," असं म्हणून स्पर्धेच्या समितीतल्या पुरुषांनी आपापली अंगं काढून घेतली होती. ती का, ते मला बीडच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं. पाणपोईच्या रांजणाला कुणीतरी खडूनं लिहिलेली पाटी टांगली होती: 'रिकामा आहे. झाकण काढू नये.'

आमच्याकडे विहिरीत डोकावलं की आपलं तोंड दिसतं. इथं दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. मला हे सगळं वर्तमानपत्रातून माहीत होतं, म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

बीडहून पुढे

एसटीत शेजारी उमापूरचे एक आजोबा बसले होते. लेकीकडे निघाले होते आणि पायांत कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या धरल्या होत्या. लेकीला कुणी लुगडं-चोळी नेतं, हे कडबा काय नेतात? माझ्या जिभेला हाड नाही, मी विचारलंच.

"लुगड्याचं काय घिऊन बसलाव बाई," ते म्हणाले. "तिची गाय उभी राह्यली म्हंजी झालं. तुमी कावून आलात इकडं?"

मी बास्केटबॉल सांगितलं. त्यांना तो कळेना. शेवटी म्हटलं, उंचावर एक टोपली बांधायची आणि तिच्यात चेंडू टाकायचा. टोपलीला बूड नसतं, त्यामुळे चेंडू खाली पडतो, तो उचलायचा आणि परत टाकायचा.

"बूड न्हाई?" आजोबा विचारात पडले. "मंग ती भरायची कवा?"

"भरायची नसतेच."

"लई अवघड हाय," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मध्येच एकदा उघडून विचारलं, "अन् ह्याच्यासाठी सरकार तिकीट देतंय?" मी हो म्हटल्यावर पुन्हा मिटले.

सिरसाळ्याला कॉलेजचे क्रीडाशिक्षक काझी सर जीप घेऊन उभे होते. धारूरचे, पस्तिशीचे, बारीक अंगाचे, बोलताना सारखे हात पुसल्यासारखे करणारे. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मला स्पर्धेची सगळी मेख सांगून टाकली. आपल्या कॉलेजच्या मुली कुठलाही विभाग जिंकून आलेल्या नव्हत्या, यजमान म्हणून त्यांना फुकटची जागा होती. मी मैदान नापास केलं तर स्पर्धा शहरात जाणार आणि यजमानाची जागा शहरातल्या कॉलेजला मिळणार.

"मॅडम, तीन साल झाले पोरींना शिकवायलो," ते म्हणाले. "पुऱ्या देशात कोण कसं खेळतं, त्यांनी एकदा डोळ्यानं बघावं, बस. हरू द्या हो, काय हरकत न्हाई."

मी त्यांना बजावलं की मी नियमानं चालणारी बाई आहे. ते म्हणाले, "म्हणून तर भ्या वाटतंय."

काशीबाईंकडे

माझी राहायची सोय पाहून माझं डोकंच सणकलं. गेस्टहाऊसच्या टाकीत पाणी नव्हतं म्हणून मला कारखान्याच्या एका सभासद बाईंकडे उतरवलं होतं, आणि त्या निघाल्या यजमान संघाच्या कॅप्टनच्या आई. पंचानं खेळाडूच्या घरी जेवायचं! मी काझी सरांना दारातच सुनावलं. त्यांनी हात पुसले आणि सांगितलं की ज्या घरी दुसऱ्या माणसापुरतं पाणी आहे असं गल्लीत हेच एक घर आहे. मग काय, पिशवी आत ठेवली.

काशीबाई चाळिशीच्या. नवरा गेल्यावर शेत त्यांनीच कसलेलं, कारखान्याचा शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर होता आणि ही गोष्ट त्यांनी मला नाव सांगायच्या आधी सांगितली. मुलगी अनिता शेवटच्या वर्षाला होती. उंच, सावळी, आणि हात असे की घागर आणि चेंडू दोन्ही एका पंजात धरावेत. ती माझ्याशी बोलेना. बहुधा काझी सरांनी दम दिला असावा.

सकाळी अंघोळीला गेले तर मोरीच नाही. बाजेवर बसायचं, बाजेखाली घमेलं, आणि अंगावरून ओघळलेलं पाणी त्या घमेल्यात. ते साबणाचं पाणी भिंतीकडेच्या शेवग्याला. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसलेली. मी घरी दोन बादल्या पाणी डोक्यावर ओतणारी बाई, इथं तांब्या हातात धरून बसले आणि पाणी ओतायचा मला धीर होईना. लाज वाटली, खरंच वाटली.

जेवण मात्र पोटभर. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं हे येसर पाण्यात कालवलं की भाजी नसली तरी घरात कालवण होतं. मला माशाविना चार दिवस काढायचे म्हणजे शिक्षा, पण त्या आमटीवर मी दोन भाकरी हाणल्या. चहा मात्र इतका गोड की दात शिवशिवले.

"पाणी कमी पडंल, साखर न्हाई पडायची," काशीबाई म्हणाल्या. "आमचं गोदाम भरलेलं हाय. आप्पांनी मिटिंगमंदी सांगितलं नव्हं. यंदाचं साल गेलं तर गेलं, गोदामात हाय तवर कारखाना मरत न्हाई. म्हणून तर आमी पुना ऊस लावणार हाव."

आप्पा म्हणजे कारखान्याचे चेअरमन. त्यांची गाठ दुसऱ्या दिवशी मैदानावर पडली.

मळी

मैदान बघितलं आणि मी थक्क झाले. मुरमाचं कोर्ट म्हटलं की रोज पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, नाहीतर धूळ उडते. इथं पाणी कुठलं? तरीही सकाळी आठला ते कोर्ट काळंभोर, कडक आणि चकचकीत होतं. त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा कशा उठून दिसत होत्या! चेंडू टाकला तर टण्णकन कमरेपर्यंत आला.

"पाणी न्हाई म्हणून काय झालं," आप्पा म्हणाले. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट आणि आवाज गावभर जाणारा. "आमच्याकडं मळी हाय. टँकरचा थेंब उचलला न्हाई, मॅडम. गावाचं पाणी गावाला."

मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा दाट पाक. कारखान्याच्या आवारात ऊसगाड्यांनी धूळ उडू नये म्हणून दरसाल ती पातळ करून शिंपडतात. तीच त्यांनी बास्केटबॉलच्या कोर्टावर शिंपडली होती आणि वरून रोलर फिरवला होता. टँकरला हात न लावता! मी तोंड भरून कौतुक केलं, मैदान जवळजवळ पास म्हणून सांगितलं आणि दुपारी मुलींचा सराव ठेवा म्हटलं.

दुपारी ऊन तापलं आणि पाक पातळ झाला.

पहिल्याच धावेला अनिताचा उजवा बूट कोर्टावर राहिला आणि ती मोज्यावर पुढे गेली. नसीम नावाची गार्ड पोरगी वळायला गेली, पाय वळला, बूट वळला नाही, ती तोंडावर आपटली. चेंडूला मुरूम चिकटून चिकटून त्याचा लाडू झाला आणि तो उड्या मारायचं सोडून बसून राहू लागला. मग मुंग्या आल्या. मुंग्यांमागून गांधीलमाश्या आल्या. आप्पा काय झालं बघायला मोठ्या तोऱ्यानं मध्ये गेले आणि परत आले ते एका चपलेनिशी.

"अरे काय केलं बे हे!" एक संचालक दुसऱ्यावर ओरडले. "ऊसगाडीचा बैल चेंडू आपटीत जातोय का?"

मुली हसल्या नाहीत. अनिता एका पायावर उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी त्यांच्या घरी उतरल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मॅडम, नापास?"

"नापास," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिनं बूट उपटून काढला आणि तळवा खरवडत बसली. मला तिची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

धारूर

संघ यायला अजून सवड होती. काझी सर म्हणाले, धारूरला एका शाळेचं मैदान आहे, तेवढं बघून टाकू. अनिताही जीपमध्ये चढली, चेंडू पोटाशी धरून. वाटेत बालाघाटाचे डोंगर लागतात. चढाला लागल्यावर मला घाटात आल्याचं बरं वाटलं, पण आमच्या घाटात नजर हिरव्यात बुडते, इथं डोंगराची एकूण एक बरगडी मोजून घ्यावी. सीताफळाची झाडं मात्र त्या दगडांत तग धरून होती, पानं नसलेली.

शाळेचं मैदान उताराचं निघालं. अनितानं मधोमध चेंडू ठेवला, तो आपोआप निघाला, फाटकातून बाहेर पडला आणि बाजाराच्या दिशेनं गेला. तो एका फळवाल्याच्या गाड्यानं अडवला. गाड्यावर बोरं आणि थोडे पेरू एवढाच माल. "हमारे यहाँ तो ऐसेच खेलते," तो म्हणाला आणि चेंडूबरोबर मूठभर बोरं अनिताच्या ओंजळीत टाकली. पैसे घेईना. काझी सरांचा तो मामेभाऊ निघाला.

किल्ल्यावर जाऊन आलो. तळी कोरडी, तळाशी चिखलाच्या खपल्या, आणि त्यातून एक बाई शेळीला हाकत चालली होती. जिथं बुडून मरायचं तिथं शेळ्या चरताहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होते. काझी सरांच्या आईनं बाजरीची भाकरी आणि लाल चटणीत घोळवलेली अंडी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारतात. इथं विचारतच नाहीत, थेट वाढतात. परतीच्या वाटेवर मी मनात समितीला करायच्या फोनची वाक्यं जुळवत होते.

दाराचा आवाज

कारखान्याच्या फाटकाशी चहाला थांबलो. चिमणी थंड होती. यंदा गाळप सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ऊस संपून बंद पडलं, हे मला ठाऊक होतं. फाटकाच्या आत साखरेचं गोदाम होतं. केवढं म्हणता! उंच पत्र्याचं छप्पर, पुढं पोती चढवायचा सिमेंटचा ओटा आणि लोखंडी सरकतं दार. दाराला माझ्या पंजाएवढं कुलूप.

अनिता ओट्यावर चढून चेंडू आपटायला लागली. सिमेंटवर चेंडू छान बोलत होता. मी चहाचा कप हातात घेऊन नुसती ऐकत होते, माझे कान त्यावर पोसलेले आहेत. तिनं एक पास भिंतीवर मारायला म्हणून फेकला आणि तो लोखंडी दारावर आदळला.

आतून असा काही घुमला आवाज! वर छपरात कबुतरं उडाली, ती ऐकू आली.

अनितानं चेंडू उचलला. पुन्हा मारला. आवाज पुन्हा दारातून पार मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. धान्यानं भरलेली कणगी थापटून बघितली तर कशी वाजते, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. ती काझी सरांकडे वळली.

"सर, साखर हाय ना आत?"

काझी सर हात पुसायला लागले. मला कळलं की त्यांना माहीत आहे.

मी चहाचा कप तिथंच ठेवला आणि तडक आप्पांच्या ऑफिसात गेले. आत ते एकटेच होते, ते एक बरं झालं.

"आप्पा, गोदाम उघडा. खाली सिमेंट आहे, वर छप्पर आहे, मध्ये खांब नसावेत. त्याहून चांगलं कोर्ट मराठवाड्यात सापडायचं नाही."

"गोदामात साखर हाय."

"नाही," मी म्हटलं. "मी पंच आहे, मला चेंडूचा आवाज कळतो."

त्यांनी उठून ऑफिसाचं दार लावून घेतलं. मग गावभर जाणारा तो आवाज बारीक करून म्हणाले, "कामगारांच्या पगाराला गेली. उरली ती जनावरांच्या छावणीला गेली. खाल्ली न्हाई मी, मॅडम. पर सांगितलं असतं तर कुणी पुढच्या साली एक कांडं लावलं नसतं. लोक ह्या कुलपाकडं बघून ऊस लावतेत."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला उद्या सकाळपर्यंत कोर्ट पाहिजे, नाहीतर स्पर्धा शहरात."

असं ताडताड बोलून मी बाहेर आले. मी ह्या माणसाची इज्जत मागत होते आणि बदल्यात देत काय होते, तर एक खेळ! त्या रात्री काशीबाईंनी चहात नेहमीची दोन चमचे साखर घातली. अनिता आईकडे बघत नव्हती. अनितानं आईला सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही.

उघडलं

सकाळी आप्पा स्वतः किल्ली घेऊन आले. स्पर्धेच्या तयारीला बरेच सभासद जमलेले होते, काशीबाईही पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं बघायला आल्या होत्या. आप्पांनी कुणाला घालवलं नाही. का उघडलं त्यांनी? पोरींसाठी, स्पर्धा गेली तर होणाऱ्या नाचक्कीसाठी, की रोज त्या कुलपाची राखण करून दमले होते म्हणून? मला अजून सांगता येत नाही.

दार सरकलं. समोर पोत्यांची भिंत, माणसाच्या दीडपट उंच. लोकांचे चेहरे खुलले. मला वाटलं की माझे कान चुकले. तेवढ्यात आप्पांनी त्या भिंतीला पाय लावून रेटलं आणि ती अख्खी भिंत आवाज न करता आत कोसळली.

"उसाचा भुसा हाय," ते म्हणाले. "दार कधी उघडलं तर दिसावं म्हणून लावलाता."

मागं ते एवढं मोठं रिकामं गोदाम. गुळगुळीत सिमेंट, कोपऱ्यात सांडलेल्या साखरेवर मुंग्यांच्या रांगा आणि हवेत गोडसर वास.

"आप्पा, साखर?" काशीबाईंनी विचारलं.

"विकली. पगाराला अन् छावणीला गेली."

"मंग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

आप्पा खाली पडलेलं एक पोतं उचलून बाजूला ठेवू लागले. "माझीच गाय व्हती छावणीत," काशीबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर न्हाई म्हणलं असतं का मी? आमाला येडं कावून केलं?" आणि त्या निघून गेल्या. जाताना मुलीला एवढंच म्हणाल्या, "मी ह्या गोदामात पाय टाकायची न्हाई."

मग मात्र कामाला हात लागले. ह्या माणसांचं एक आहे, रडायला बसायची सवय नाही. नसीमचे वडील रहीमभाई गाड्या दुरुस्त करायचे, त्यांनी मैदानावरचे बास्केटचे खांब मुळापासून कापून लोखंडी चौकटींवर जोडले. चौकटी हलू नयेत म्हणून साखरेच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून ती त्यांवर रचली. भुशाची पोती चारी बाजूंना लावली, प्रेक्षकांना बसायला. मी टेप धरून रेघा आखून घेतल्या. छपराचे आडवे बार रिंगपासून चांगले उंच होते. संध्याकाळी मी 'पास' म्हटलं तेव्हा काझी सर कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले. मी तिकडे बघितलं नाही.

सामने

संघ आले. पंजाबच्या मुली दारातून वाकून आत येत्या की काय असं वाटावं इतक्या उंच. केरळच्या मुलींनी आल्या आल्या अंघोळीचं पाणी विचारलं आणि बाज-घमेलं दाखवल्यावर एकमेकींचे फोटो काढले. गोदामात चेंडू आपटला की घुमायचा, शिट्टी फुंकली की ती छपरातून तीनदा परत यायची, त्यामुळे पहिल्या दिवशी मुली माझ्या एका फाऊलला तीन तीन वेळा थांबत. नंतर सवय झाली.

यजमान मुली पंजाबकडून सडकून हरल्या. बंगालकडून जरा कमी हरल्या. काझी सर वहीत काही टिपत नव्हते, नुसते डोळे भरून बघत होते. भुशाच्या पोत्यांवर बसलेली गावची माणसं आपल्या मुलींचं एक बास्केट झालं तरी पोती थोपटत आणि सगळीकडे भुसा उडे. बाया यायच्या, पुरुष यायचे. काशीबाई मात्र नाही. रोज सकाळी मुलीचे केस घट्ट विंचरून वेणी घालून द्यायच्या आणि दारातून परत फिरायच्या. अनिता खेळताना प्रत्येक टाइमआऊटला दाराकडे बघे. मला ते दिसत होतं आणि पंच म्हणून मला ते दिसून उपयोग नव्हता.

शेवटचा सामना केरळशी. ह्या सामन्यात मुली खेळल्या हो! नसीम पायात चाकं लावल्यासारखी पळत होती आणि अनितानं रिंगखाली उभं राहून येईल तो चेंडू ओढून घेतला. सामना संपत आला तेव्हा यजमान एका गुणानं पुढे होते. देशाच्या स्पर्धेत ह्या कॉलेजचा एकमेव विजय हाताशी आलेला. आणि मी सहज दाराकडे बघितलं तर काशीबाई. डोक्यावर पदर, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या. कुणीतरी हात धरून त्यांना आत आणलं आणि पोत्यावर बसवलं.

त्याच चढाईत केरळची मुलगी रिंगकडे झेपावली आणि अनितानं तिच्या मनगटावर मारलं. कुणाला दिसलं नाही, चेंडूआड झालं. मला दिसलं. तो अनिताचा पाचवा फाऊल होता, म्हणजे ती सामन्यातून बाहेर.

शिट्टी तोंडातच होती. तिच्या घरची भाकरी मी इतके दिवस खाल्ली होती. त्यांच्या वाटणीच्या पाण्यानं अंघोळ केली होती. एवढं सगळं मनात यायला कितीसा वेळ लागतो?

मी फुंकली.

गोदाम नुसतं गरजलं. "पंच बदला!" "खाल्ल्या घरचे वासे मोजती ही बाई!" अशा नाही नाही त्या गोष्टी ऐकल्या. अनितानं हात वर केला, वाद घातला नाही, बाहेर जाऊन बसली आणि टॉवेल तोंडावर घेतला. केरळच्या मुलीनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. यजमान एका गुणानं हरले.

कुलूप

त्या रात्री घरी कसं जावं कळेना. काझी सरांना म्हटलं, मला आज तुमच्या ऑफिसात झोपू द्या. ते म्हणाले, "काशीबाईंनी भाकरी टाकलीय, तुमी न्हाई गेलात तर मला बोलतील."

गेले. ताट वाढलेलं होतं. अनिता जेवून कोपऱ्यात पडली होती, जागी. काशीबाईंनी भाकरी ताटात टाकली आणि चुलीपुढं बसूनच विचारलं, "फाऊल व्हता का?"

"होता."

"अनिते?"

"व्हता," पांघरुणातून आवाज आला.

"मंग दिला ते बरं केलं," काशीबाई म्हणाल्या. "कुणी तरी तोंडावर खरं सांगतंय." आणि त्यांनी अर्धी भाकरी न विचारता वाढली. भाकरीवर टपकन पाणी पडलं, ते कुणी बघितलं नाही असं मी धरून चालले.

स्पर्धा पंजाबनं जिंकली. बक्षिसं झाली, भाषणं झाली, संघ गेले. मी सकाळच्या एसटीनं निघणार होते. काशीबाई आणि अनिता सोडायला आल्या आणि फाटकाशी बघतो तर गोदामाच्या ओट्यावर गर्दी. आप्पा कुलूप घेऊन उभे होते. समोर सभासद बाया ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. काशीबाई माझी पिशवी खाली ठेवून सरळ पुढे गेल्या.

"बाई, रिकामं गोदाम उघडं टाकतेत का कुठं?" आप्पा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"जे हाय ते म्हणतील," काशीबाई म्हणाल्या. "राहू द्या उघडं. रिकामं हाय ते समद्यांला दिसू द्या. ऊस लावायचा का न्हाई ते आमचं आमी बगू. भरंल तवा कुलूप लावा, किल्ली मीच आणून दीन."

आप्पांनी एकदा आत बघितलं. मग ते भलंमोठं कुलूप नेहरू शर्टाच्या खिशात घातलं. त्याच्या वजनानं शर्ट एका बाजूला गुडघ्याकडे ओढला गेला. तसेच, तिरके, ते ऑफिसाकडे चालत गेले.

अनिता निरोप न घेताच ओट्यावरून आत गेली. मला राग यायला हवा होता, आला नाही. एसटी आली, मी खिडकीशी बसले. गाडी वळली तरी दारातून चेंडूचा आवाज येत होता.